भोक जुळत नाही तेव्हा

२० मिमीचा बोल्ट, २२ मिमीचं भोक. आमचा सगळा धंदा त्या मधल्या २ मिमीत चालतो. स्टील इरेक्शनचं, म्हंजे बिल्डिंगचा स्टीलचा सांगाडा उभा करायचं काम करतो म्हटलं की समोरचा हमखास उंचीबद्दल विचारतो, वर वारा लागतो का, चक्कर येते का, खाली बघता का, आणि मी काहीतरी उत्तर देऊन मोकळा होतो कारण खरं सांगायचं तर उंची हा यातला सगळ्यात अवघड भाग नाहीच, तिची सवय होते आणि ज्याला होत नाही तो लवकरच खालच्या कामाला लागतो, त्यात कमीपणा काही नाही. अवघड आहे ते भोक न जुळणं. रोज कुठे ना कुठे जुळत नाही, आणि त्या वेळी माणूस काय करतो यावरून तो इरेक्टर आहे की नुसता वर चढणारा आहे ते कळतं.

ज्यांना यातलं काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टीलचे पीस शॉपमधे, म्हंजे कारखान्यात कापून, भोकं पाडून, क्लीट (बीम ज्याला बोल्टने जोडतात तो छोटा तुकडा) नि प्लेटा वेल्ड करून, रंग मारून साइटवर येतात, प्रत्येकावर मार्क असतो. आधी कॉलम उभे करायचे. काँक्रीटमधून वर आलेल्या फाउंडेशन बोल्टवर बेस प्लेट बसते, खाली पॅकिंगच्या पट्ट्या, वरून नट, आणि प्लेट नि काँक्रीटमधली जी फट राहते ती नंतर ग्राउटने, म्हंजे सिमेंटच्या पातळ मसाल्याने भरायची असते. हे 'नंतर' लक्षात ठेवा, पुढे लागेल. मग कॉलम ते कॉलम बीम. क्रेन बीम वर आणते, खालचा रिगर गाइडची दोरी धरून तो फिरणार नाही हे बघतो, वर दोन्ही टोकांना एकेक जण. पाना असतो ना आमचा, त्याची एक बाजू पाना आणि दुसरी निमुळती होत गेलेली शेपटी, बीम जवळ आला की ती शेपटी बीमच्या नि क्लीटच्या भोकातून आरपार घालायची आणि तिच्याच जोरावर बाकीची भोकं समोरासमोर आणायची. आरिया (म्हंजे खाली सोड), आरिया, अजून जरा, बस! दोन बोल्ट घातले, पान्याने आवळले की मग क्रेन सोडायची, त्याआधी नाही. प्रत्येक टोकाला कमीत कमी दोन, हे अमेरिकेत तर सरकारी नियमात लिहूनच ठेवलंय आणि कॉलमच्या खाली कमीत कमी ४ फाउंडेशन बोल्ट हवेत हेही.

आता समजा भोक जुळलं नाही. पाच-सात मिमीने चुकतंय. वर बसलेल्या माणसाच्या डोक्यात पहिला विचार येतो घण, दुसरा येतो गॅस, म्हंजे गॅस कटरने भोक कापून मोठं करायचं. का जुळत नाही हा विचार बऱ्याच वेळा येतच नाही, कारण क्रेन लटकलेली असते, खालून कुणीतरी ओरडत असतं, आणि वर बसून विचार करणारा माणूस लांबून कामचुकार दिसतो.

सगळ्यात साधं कारण म्हंजे बीम उलटा आलाय. दोन्ही टोकं दिसायला सारखी असतात पण एका टोकाची भोकं ५ मिमी वर असतात, नाहीतर क्लीट दुसऱ्या बाजूला असते. ड्रॉइंगमधे मार्क ज्या टोकाला दाखवलाय तो त्याच टोकाला आला पाहिजे एवढं खाली असतानाच बघितलं की ही भानगड होतच नाही, तरी होते. शॉपची चूक असेल तर तीही मोजपट्टी लावली की दोन मिनिटांत कळते. या दोन्हींवर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

ऊन मात्र मजेशीर प्रकार आहे. स्टील १ अंशाला १ मीटरमागे ०.०१२ मिमी वाढतं. ऐकायला काहीच नाही. पण १२ मीटरचा बीम पहाटेपेक्षा दुपारी २० अंशांनी जास्त तापला, आणि उघड्यावर पडलेलं स्टील सहज तापतं, तर तो जवळजवळ ३ मिमी लांब होतो, म्हंजे भोकातली २ मिमीची सवलत तिथेच संपली. असे ५ बीम एका रांगेत लावले तर ६० मीटरमागे १४ मिमी. ते १४ मिमी कुठेतरी जाणारच, शेवटचा कॉलम ते खातो आणि तिरका उभा राहतो, मग संध्याकाळी सरळ होतो, मग सर्व्हेवाला आणि फोरमन एकमेकांना खोटं ठरवत बसतात. कॉलमचं तर त्याहून गमतीचं आहे, एका बाजूने ऊन लागलं की ती बाजू वाढते आणि कॉलम सावलीकडे वाकतो. २० मीटर उंच, ५०० मिमी खोलीचा कॉलम, दोन फ्लँजमधे (दोन कडांच्या रुंद पट्ट्यांमधे) १० अंशांचा फरक, वर कुठेही बांधलेला नाही, असा हिशोब कागदावर मांडला तर वरचं टोक जवळजवळ ५० मिमी सरकतं. म्हणून प्लंब, म्हंजे कॉलम सरळ उभा आहे का ते, बघायचं तर पहाटे, ऊन यायच्या आत, किंवा पूर्ण ढगाळ दिवशी. भर दुपारी ओळंबा लावून कॉलम सरळ करणारा माणूस दिसला की मी काही बोलत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बोलतो.

मग येतो खरोखर तिरका झालेला कॉलम, आणि इथून गोष्ट गंभीर होते.

एका शेडचं काम होतं, लांबच लांब रांग, आणि वरचा टाय बीम (दोन कॉलम एकमेकांना बांधणारा) एका जागी बसेना. शेजारच्या गाळ्यातला सहज बसला होता, ड्रॉइंग तेच, शॉप तेच, मार्क बरोबर, वेळ सकाळची, ऊन नाही. चुकत होतं साधारण एका बोटाच्या जाडीएवढं. सुपरवायझर खालून ओरडला, गॅस मारा आणि पुढे चला, क्रेन संध्याकाळी दुसरीकडे जायचीये. गॅस कटरवाला नळ्या ओढत निघालासुद्धा. आमच्यात एक वयस्कर फोरमन होते, सगळे मामा म्हणायचो, ते वर आलेच नाहीत. ते सरळ कॉलमच्या पायाशी जाऊन बसले, नटाला हात लावला, पॅकिंगवर टॉर्च मारला, आणि वर बघून म्हणाले, "पोरांनो, आधी खाली उतरा." एवढंच. त्या पायाच्या एका बाजूच्या पॅकिंगच्या पट्ट्या सरकल्या होत्या, दोन नट बोटाने फिरत होते, आणि ग्राउट, जे 'नंतर' करायचं असतं, ते दोन आठवडे मागे पडलं होतं कारण ग्राउटवाली गँग दुसरीकडे पाठवली होती. कॉलम एका कडेला किंचित बसला होता. किंचित म्हंजे किती, तर ४०० मिमीची बेस प्लेट एका कडेला नुसती अर्धा मिमी खाली गेली तरी ८ मीटरवर ते १० मिमी होतात. भोक वर चुकत होतं आणि कारण खाली होतं. वायर रोप नि टर्नबकल लावून कॉलम धरला, पॅकिंग परत बसवलं, नट आवळले, प्लंब बघितलं, आणि बीम असा बसला की शेपटीसुद्धा घालावी लागली नाही.

गॅस मारला असता तर काय झालं असतं? बीम बसला असता. हीच तर पंचाईत आहे. गॅसने वाढवलेलं भोक वेडंवाकडं असतं, कडेला दाते राहतात, बोल्ट पूर्ण टेकायच्या ऐवजी एखाद्या दात्यावर टेकतो, कडेचं स्टील तापून कडक होतं आणि तिथूनच पुढे चीर सुरू होऊ शकते. आणि वरून वॉशर बसला की काही म्हंजे काही दिसत नाही. तपासणीला आलेल्या माणसाला नट दिसतो, वॉशर दिसतो, रंग दिसतो. कॉलम मात्र तिरकाच राहिला असता आणि पुढच्या गाळ्यात तोच फरक अजून वाढून समोर आला असता.

ड्रिफ्ट पिनचंही, म्हंजे भोकं जुळवायला ठोकतात त्या निमुळत्या खुंटीचंही असंच आहे. ती पीस ओढून जागेवर आणण्यासाठी आहे, भोक ओढून मोठं करण्यासाठी नाही. घणाचे दोन-चार ठोके ठीक, पण ठोकून ठोकून पिन आत घालवली, चेनपुलीने कॉलम खेचून बोल्ट घुसवला, तर तो जोर कुठे जात नाही, तो त्या जॉइंटमधे कोंडून बसतो आणि त्याचा हिशोब डिझाइनवाल्याने कुठेच धरलेला नसतो. नंतर कुणी तो बोल्ट सोडायला गेला की भोक टणकन सरकतं. बोटं जातात अशाने.

डिझाइनवाल्यांवर राग नाही माझा, पण एक आहे की ते पूर्ण झालेल्या बिल्डिंगचा विचार जास्त करतात. ड्रॉइंगमधे असते ती सगळं ब्रेसिंग (तिरके आधार) लागलेली, स्लॅब पडलेली, ग्राउट भरलेली बिल्डिंग. आम्ही ज्या बिल्डिंगवर उभे असतो ती त्या ड्रॉइंगमधे कुठेच नसते. आमच्या बिल्डिंगचे अर्धे बोल्ट हाताने घातलेले असतात, एका दिशेचं ब्रेसिंग अजून ट्रकमधे असतं, आणि जो बीम स्लॅबसकट कितीतरी टन उचलणार आहे त्याच्यावर डेक शीटचा (स्लॅबखालच्या पत्र्यांचा) एक बंडल चुकीच्या जागी ठेवला तर तो आडवा पिळून निघू शकतो, कारण त्याच्या वरच्या फ्लँजला बाजूने धरणारा स्लॅब अजून यायचाय. तो बीम अशक्त नसतो, एकटा असतो. त्यामुळे काम चालू असताना भोक जुळेनासं झालं, विशेषतः काल जुळत होतं आणि आज नाही, तर तो बिल्डिंगने दिलेला निरोप असू शकतो हे मी मनापासून मानतो. दरवेळी नसतो. पण असतो तेव्हा फार वेळ देत नाही.

कॅनडातला क्यूबेक ब्रिज याचंच उदाहरण आहे. सेंट लॉरेन्स नदीवरचा कँटिलिव्हर पूल, म्हंजे दोन्ही बाजूंनी अधांतरी पुढे येत मधे मिळणारा, मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फूट केला पण स्टीलचं वजन नव्याने नीट मोजलंच नाही, त्यामुळे खालच्या कॉर्डवर (सांगाड्याच्या खालच्या मुख्य दांड्यावर) हिशोबापेक्षा कितीतरी जास्त लोड येत होता. १९०७ च्या जूनमधेच साइटवरच्या इंजिनिअरने कळवलं होतं की खालच्या कॉर्डच्या जॉइंटमधे कडा एकमेकांना नीट जुळत नाहीयेत, त्यावर न्यूयॉर्कमधे बसलेल्या मुख्य सल्लागाराचं उत्तर साधारण असं की गंभीर काही नाही, जमेल तितकं चांगलं करून घ्या. ऑगस्टमधे एका कॉर्डचा पाऊण इंचाचा बाक सव्वादोन इंच झाला. त्यावर वाद काय झाला माहितीये? की हा बाक शॉपमधूनच आलाय का नंतर पडलाय. आता जो बाक आठवडाभरात तिप्पट होतो तो शॉपमधून कसा येईल, पण ऑफिसात बसून असं वाटू शकतं. शेवटी सल्लागाराने तार केली की पुलावर आणखी लोड घालू नका, ती तार साइटवर न जाता पूल बांधणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात गेली, तिथे ठरलं की उद्या बघू, आणि त्याच संध्याकाळी, २९ ऑगस्टला, सुट्टीच्या भोंग्याच्या आसपास पूल नदीत गेला. वर ८६ जण होते, ७५ गेले. त्यातले ३३ काहनावाके या एकाच वस्तीतले मोहॉक लोक होते, उंचीवरच्या स्टीलच्या कामात ज्यांचं नाव आजही घेतलं जातं तेच. नंतर नव्याने बांधताना १९१६ मधे मधला तुकडा उचलताना तो पडला आणि अजून १३ गेले, १९१७ ला पूल पूर्ण झाला आणि तो अजून उभा आहे, त्या प्रकारात जगातला सगळ्यात लांब गाळा आजही त्याचाच.

दुसरं उदाहरण मेलबर्नचं, वेस्ट गेट ब्रिज, आणि ते वाचताना तर मला आमच्याच साइटवरची घाई आठवते. बॉक्स गर्डर, म्हंजे पेटीसारखा पोकळ मोठा बीम, उभा चिरल्यासारखा दोन अर्ध्यांत बनवला होता, दोन्ही अर्धे वेगवेगळे वर चढवायचे आणि वर एकमेकांना बोल्टने जोडायचे. वर नेल्यावर कळलं की दोघांच्या कँबरमधे, म्हंजे मुद्दाम ठेवलेल्या वरच्या बाकात साडेचार इंचांचा फरक आहे, साधारण ११४ मिमी, एक उंच एक खाली. म्हंजे भोकं समोरासमोर येणं शक्यच नाही. खाली उतरवून दुरुस्त करणं म्हंजे वेळ आणि पैसा, म्हणून उंच अर्ध्यावर ८-८ टनांचे १० काँक्रीटचे ब्लॉक ठेवले, दाबून खाली आणायला. तो खाली आला पण प्लेटला फुगवटा आला. मग तो फुगवटा बसवायला जॉइंटचे बोल्ट सोडायला सुरुवात केली, ३० पेक्षा जास्त सोडले, आणि १५ ऑक्टोबर १९७० ला दुपारी १२ वाजायच्या जरा आधी ११२ मीटरचा, २००० टनांचा गाळा खाली आला. ३५ जण गेले, काही जण तर पुलाखालच्या शेडमधे जेवणाच्या सुट्टीला बसले होते. ज्या पोरांना मी शिकवतो त्यांना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा ते म्हणतात एवढे इंजिनिअर असून कसं काय केलं असं, आणि मी म्हणतो की यातलं एकेक पाऊल तू स्वतः उचललं असतंस, कारण प्रत्येक पाऊल मागच्या पावलापेक्षा थोडंसंच मोठं होतं.

सेफ्टीबद्दलही इथेच बोलून घेतो. हार्नेस, दोन हुकांची लॅनयार्ड (हार्नेस अडकवायची दोरी), एक हुक सोडायच्या आधी दुसरा अडकलेला पाहिजे, हे आता सगळीकडे असतं आणि चांगलं आहे. २ मीटरची शॉक ॲब्सॉर्बरवाली लॅनयार्ड असेल तर पायाखाली साधारण ६ मीटर मोकळी जागा लागते नाहीतर माणूस थांबायच्या आत खालच्या मजल्यावर आपटतो, हे मात्र फार कमी जणांना माहिती असतं. आणि लटकलेल्या माणसाला लवकर उतरवायची सोय हवी, नुसतं लटकून राहणंही जिवावर बेततं. पण हे सगळं माणसाला पडण्यापासून वाचवतं, ज्याला हुक लावलाय तेच पडलं तर काय? गोल्डन गेट ब्रिजच्या वेळी खाली जाळी लावली होती, तिने १९ जणांना वाचवलं. पण १९३७ च्या फेब्रुवारीत वरचं कामाचं स्टेजिंगच तुटून जाळीवर पडलं, जाळी फाटली आणि १० जण गेले. म्हणून माझ्या लेखी बेस प्लेटखालचं ग्राउट हे हार्नेसएवढंच सेफ्टीचं सामान आहे, फक्त ते सेफ्टीच्या यादीत कुणी लिहीत नाही.

बोल्ट आवळण्याबद्दल पण विचारतात पोरं. बोल्टवर लिहिलेलं ८.८ म्हंजे काय ते तरी माहिती असावं, पहिला ८ म्हंजे तुटायची ताकद ८०० न्यूटन दर चौरस मिमीला, आणि .८ म्हंजे त्याच्या ८० टक्क्यांवर तो कायमचा लांबायला लागतो. एम २० चा असा एक बोल्ट सरळ ओढून तोडायला साधारण २० टन लागतात, त्यामुळे बोल्ट तुटला अशा बातम्यांपेक्षा बोल्ट आवळलाच नव्हता अशा भानगडी जास्त असतात. फ्रिक्शनच्या जॉइंटमधे तर बोल्ट स्वतः ताणलेला असतो आणि प्लेटा एकमेकींना दाबून धरतात, तिथे मधे रंग नको, तेल नको, आणि आवळायचं मधून सुरू करून कडेकडे जायचं, कडेपासून सुरू केलं तर मधली फट तशीच राहते. टॉर्क रेंचचा आवाज आला म्हंजे झालं असं समजू नका, गंजलेल्या नटालाही तोच आवाज येतो नि बोल्टमधे ताण मात्र निम्माच असतो. आणि १०.९ चा बोल्ट एकदा पूर्ण ताणून सोडला की तो भंगारात टाकायचा, परत घालायचा नाही, कितीही नवा दिसला तरी.

तर भोक खरंच चुकलंच असेल, बीम बरोबर, ऊन नाही, प्लंब ठीक, पाया ठीक, तर मग इंजिनिअरला विचारून रीमरने (भोक गोल कोरणाऱ्या अवजाराने) भोक वाढवायचं आणि पुढच्या साइझचा बोल्ट घालायचा, किंवा नवी क्लीट मागवायची. उत्तर यायला वेळ लागतो. कधी तास, कधी दोन दिवस. तोवर बीम लटकवून ठेवायचा नाही, खाली उतरवून लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवायचा. फोटो काढायचा मोजपट्टी धरून, किती मिमी, कुठल्या बाजूला, किती वाजता, ऊन होतं की ढग, हे सगळं लिहून पाठवायचं कारण पहिला प्रश्न तिकडून तोच येणारे. आणि क्रेन मोकळी उभी राहिली की सगळे तुमच्याकडेच बघतात, म्हणून दुसऱ्या गाळ्यातले दोन पीस आधीच मार्क बघून, तोंड बरोबर दिशेला करून, स्लिंग (उचलायची दोरी) मारून तयार ठेवायचे. स्लिंगचा कोन आडव्यापासून ६० अंशांच्या खाली नेऊ नका तेवढं, दोन पायांच्या स्लिंगला ३० अंशांवर १ टनाच्या पीसला प्रत्येक पायावर पूर्ण १ टन येतो.